लिहायचं, पण म्हणायचं नाही

नॉर्वेजियनमधला नवा शब्द मी हल्ली आधी ऐकते आणि मगच त्याचं स्पेलिंग बघते. स्पेलिंग आधी दिसलं की जीभ प्रत्येक अक्षर म्हणायला धावते. 'देश' हा शब्द लिहितात एल-ए-एन-डी, म्हणतात नुसतं 'लान'. 'काय?' विचारायचं तर एच-व्ही-ए, पण एच गायब, उरतो 'वा'. 'महत्त्वाचं' म्हणजे 'विक्ती'. शेवटचा जी फक्त कागदावर.

यामागे बराचसा इतिहास आहे. नॉर्वे कित्येक शतकं डेन्मार्कशी जोडलेला होता आणि तिथे लिहायची भाषा डॅनिशच होती. १९०७ च्या सुधारणेने लेखन बोलण्याच्या बरंच जवळ आणलं, तरी अशी अक्षरं राहिलीच. निनॉश्क या दुसऱ्या लेखनपद्धतीत हाच 'काय' के-व्ही-ए असा लिहितात, आणि तो के चक्क म्हणतात!

मला खरा आनंद दिला तो आरने. ओस्लोकडच्या बोलीत आरपुढे एन, टी किंवा डी आला की दोन्ही मिळून एकच मूर्धन्य ध्वनी होतो, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून म्हटलेला, आपल्या ट, ड, ण सारखा. मूल म्हणजे बी-ए-आर-एन, उच्चार जवळजवळ आपला 'बाण'. नकाशा म्हणजे 'काट'. दोन शब्दांच्या सांध्यावरही तेच: 'हार' आणि 'दू' ('तुझ्याकडे आहे का') मिळून 'हाडू'. इंग्रजी भाषकांना हे घोटून घोटून शिकावं लागतं. ट, ड, ण आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत. इथे मराठी माणसाने बिनधास्त बोलावं.

नॉर्वेतल्याच बर्गन शहरात मात्र हा ण मिळत नाही. तिथे आर घशातून येतो आणि एन वेगळा राहतो. म्हणून सुरुवातीला एकच बोली धरा. मी ओस्लोची धरली आहे.