टॉमी डंकनच्या तबकड्या: काम १९४१च्या मुद्रणांपर्यंत आलं

अमेरिकन बँडप्रमुख बॉब विल्सच्या टेक्सस प्लेबॉइज या बँडचा गायक टॉमी डंकन याच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या डिजिटल करण्याचं काम १९४१च्या मुद्रणांपर्यंत झालंय.

धुण्याचं आधी. स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. तबकडी लाखेची आहे आणि लाख त्यात विरघळते, फ्रेंच पॉलिश बनतं ते असंच. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा. लेबल कोरडं ठेवा. कोलंबिया कंपनीच्या थरांच्या तबकडीला कडेला भेग असेल तर धुऊच नका, पाणी आत शिरून थर सुटतात.

सुई ३ मिलची, म्हणजे साधारण ७६ मायक्रॉन, भार ४ ते ५ ग्रॅम. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. वेग ७८.२६. अमेरिकन स्ट्रोब चकती (वेग तपासायची; वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात) ९२ रेघांची असते, ती आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली चालत नाही; इथे ७७ रेघांची लागते आणि तिच्यावर ७७.९२ मिळतात. फरक कानाला जाणवणारा नाही. एलईडीखाली मात्र रेघा बऱ्याचदा दिसतच नाहीत, तेव्हा जुना पिवळा बल्ब बरा.

सगळ्यात जास्त घोळ इक्वलायझेशनचा, म्हणजे मुद्रणात बदललेला खालच्या-वरच्या स्वरांचा तोल परत जुळवण्याचा. साध्या फोनो प्रीअँपमधला आरआयएए, म्हणजे एलपीसाठी ठरलेला तोल, १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल कापतो. खरखर कमी होते म्हणून लोक खूश होतात, पण डंकनचे ‘स’ आणि ‘ट’ त्यातच जातात. सप्टेंबर १९३५ला डॅलसमध्ये मुद्रित झालेल्या गाण्यांत त्याच्यावर आधीच्या पिढीतल्या एमेट मिलर या गायकाची छाप आहे, आवाज मध्येच फुटून योडेलवर, म्हणजे एकदम वरच्या पातळ आवाजात, जातो. ती फूट दबली तर ऐकायला उरलं काय? फ्लॅट, म्हणजे इक्वलायझेशन न लावता, उतरवा, क्लिक आधी काढा, वरचे स्वर नंतर कमी करा. खालचा टर्नओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर वाढवायचे ती हद्द, ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये कानाने ठरवा. क्लिक काढणारा डीक्लिकर हलका ठेवा, तो ट्रम्पेटच्या फटक्यालाही क्लिक समजतो. एप्रिल १९४०च्या ‘न्यू सॅन अँटोनियो रोझ’मध्ये हे लगेच कळतं, कारण तिथे ब्रास भरपूर आणि डंकन मात्र अगदी शांत, जवळून गातो. विल्सची मधली आरोळी कर्कश न होता मोकळी ऐकू आली की सेटिंग बरोबर.

लेबलवरून साल ठरवू नका. १९४०मध्ये व्होकॅलियनच्या जागी ओके लेबल आलं, जुनी गाणी नव्या लेबलवर निघाली. आतल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाचा नंबर, बघा.

पुढे खंड आहे: डंकन सैन्यात गेला, ऑगस्ट १९४२पासून वादक संघटनेची मुद्रणबंदी आली, आणि भारतातून जाणारी लाख अमेरिकेत दुर्मीळ झाली. त्या काळातल्या प्रतींचा पृष्ठभाग खडबडीत असतो, दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही उतरवा. १९४६-४७च्या टिफनी मुद्रणांच्या (रेडिओसाठी केलेल्या) तबकड्या १६ इंची, ३३⅓ वेगाच्या. नेहमीच्या टर्नटेबलवर टोनआर्म कडेपर्यंत पोचत नाही, त्यासाठी १२ इंची आर्म लागेल. तो मिळेपर्यंत १९४५नंतरच्या कोलंबियाच्या तबकड्या आधी घेतो. १९४८मध्ये डंकन बँडमधून बाहेर पडला, ही यादी तिथेच थांबते.