पन्नाशीच्या आत किलिमांजारो : रजिस्टरमधला वयाचा रकाना

पंचेचाळिसाव्या वर्षी एक यादी केली होती. पन्नाशीच्या आत करायच्या दहा गोष्टी. पोहायला शिकणं, अर्धमॅरेथॉन वगैरे. सिगारेट सोडणं हीही त्यात होती, ती तीनदा सोडली. नवव्या ओळीत एकच शब्द होता, किलिमांजारो, म्हणजे टांझानियातला, आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर. त्याला मी नंतर शेपूट जोडलं : माथ्यावर पोहोचायचं ते वाढदिवसाच्या पहाटेच. पुढचं रामायण या शेपटामुळे घडलं.

वर जाणाऱ्या वाटांपैकी मचामे मार्ग सहा दिवसांतही होतो आणि सात दिवसांतही. रजा आणि तारीख यांचा मेळ बसेना, म्हणून मी सहा दिवसांचा घेतला. तुम्ही घेऊ नका. त्यात गळतो तो करांगाचा मुक्काम, आणि शरीराला उंचीची सवय व्हायला तोच हवा असतो. आठ दिवस काढता आले तर लेमोशो मार्ग त्याहून बरा. हवामान साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आणि जून ते ऑक्टोबर कोरडं असतं. वाटाड्याशिवाय चढायला परवानगीच नाही. हमालाच्या पाठीवर २० किलोंहून जास्त ओझं चालत नाही, फाटकावर वजनकाटा असतो. टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कपडे जलरोधक कापडी पिशव्यांत भरा.

पहिला दिवस जंगलातला, चिखलाचा. प्रत्येक मुक्कामी रजिस्टरमध्ये नाव, देश, व्यवसाय आणि वय लिहावं लागतं. मी ऐटीत '४९' लिहीत होतो. हमाल पोरं मला प्रेमानं 'बाबू' म्हणायची. मी खूश! दुसऱ्या दिवशी कळलं, स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा.

तिसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. लाव्हा टॉवरला सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला पुन्हा बारांकोला, चार हजारांच्या किंचित खाली आणतात. इतकं चढून उतरायचं कशाला, असं वाटतं. पण दिवसा उंचावर जाऊन रात्री खाली झोपलं की शरीर विरळ हवेशी जुळवून घेतं. चौथ्या दिवशीची बारांकोची भिंत फोटोत दिसते तेवढी भयंकर नाही. हात लावून चढावं लागतं, दोर लागत नाही. काठ्या मात्र आधी पाठीला बांधून टाका.

त्याच संध्याकाळी बाराफू, सुमारे ४,६७० मीटर. बाराफू म्हणजे बर्फ. शब्द ओळखीचा निघाला म्हणून गंमत वाटली, पण डोकं तेव्हाच ठणकायला लागलं होतं. जेवण जाईना. वाटाड्यानं विचारलं तेव्हा मी "सगळं ठीक" म्हणालो. उद्या वाढदिवस होता ना!

मध्यरात्री निघालो. 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, हे दोन शब्द तिथे दिवसभर कानावर पडतात. त्या रात्री मला त्याहून जोरात चालताच येत नव्हतं. पाण्याची नळी पहिल्या तासातच गोठली. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, पाणी वरच्या बाजूनं गोठतं, तोंड मोकळं राहतं. मोबाइल आणि बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात. बोटं वळवता येतील असे पातळ हातमोजे आत आणि जाड वर.

उजाडता उजाडता स्टेला पॉइंटला, म्हणजे ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचलो. उंची ५,७५० मीटरच्या आसपास. उहुरू शिखर, म्हणजे किलिमांजारोचा खरा माथा, ५,८९५ मीटर, तासाभराची वाट, फारशी चढणही नाही. वाटाड्यानं मला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. मी तिसऱ्या पावलाला कलंडलो. तो म्हणाला, "खाली." मी वाढदिवसाचं सांगितलं, यादीचं सांगितलं, बहुधा थोडा रडलोही. त्यानं उत्तर न देता माझी पाठपिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते आणि त्यावर पहिला उपाय उतरणं हाच. हे मी निघण्यापूर्वी वाचलेलं होतं, तरी हुज्जत घातली. बाराफूलाच खरं बोललो असतो तर मला वर जाऊच दिलं नसतं, म्हणून तर बोललो नाही. तुमच्याबरोबर कुणी असेल तर एकमेकांची डोकेदुखी एकमेकांनी सांगायची, असं आधीच ठरवून घ्या. अॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांना घरूनच विचारा, तंबूत दुसऱ्याकडून मागून घेऊ नका.

बाराफूला पोहोचेपर्यंत डोकं हलकं झालं होतं. गुडघ्यांचं मात्र भुस्काट, कारण उतार सगळा सुट्या खडीचा. नखं निघण्याआधी कापली नव्हती, त्यातली दोन काळी पडली. संध्याकाळी म्वेकाच्या मुक्कामी रजिस्टर पुढे आलं. सवयीनं ४९ लिहिलं, मग खोडून ५० केलं. पोरांनी ते पाहिलं आणि 'बाबू'च्या नावानं गाणं सुरू केलं.

फाटकावर स्टेला पॉइंटचं प्रमाणपत्र मिळालं. यादीत उहुरू असं कुठेही लिहिलेलं नाही, हे मी घरी येऊन दोनदा तपासलं.