गॅरेजात ठणठणीत, बाहेर थंडीत बंद : माझा जनरेटरचा अनुभव

जनरेटर सुरू करायला त्रास झालाच नाही. मॅन्युअलमध्ये थंडीसाठी सांगितलेलं ५डब्ल्यू-३० ऑईल, ताजं पेट्रोल, चोक ओढून दोरीला दोन-चार झटके, की सुरू. पाच मिनिटं तसाच गरम होऊ द्यायचा, मग लोड टाकायचा.

खरं दुखणं त्यानंतरचं. अर्धा तास नीट चालायचा, मग आवाज जड व्हायचा, गचके द्यायचा आणि बंद. थोडं थांबून दोरी ओढली की पुन्हा व्यवस्थित सुरू.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तो उबदार शेडमध्ये चालवून पाहिला. ‘काही दोष नाही.’ घरी आणला, पुन्हा तेच. पुन्हा नेला, तर स्पार्क प्लग बदलला आणि कार्डावर ‘पेट्रोल खराब’ लिहून मोकळे झाले. अहो, बाहेर थंडीत चालवून बघा, एवढंच मी सांगत होतो. ते मात्र कोणी केलं नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी एकदा बंद पडल्या पडल्या एअर फिल्टर काढला आणि कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडात टॉर्च मारली. आत झडपेच्या कडेला पांढरा बर्फ धरलेला! माझ्या डोळ्यांदेखत तो सुटला आणि पाणी होऊन ओघळला. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा आणखी गार पडते, हवेतला दमटपणा तिथेच गोठतो आणि हवेची वाट बुजते. इंजिन थांबलं की त्याच्याच उष्णतेने बर्फ वितळतो. उबदार शेडमध्ये हे दिसणार कसं? फोटो काउंटरवर ठेवला, तेव्हा कुठे ‘याच्यासाठी थंडीचं किट येतं’ हे तोंडातून निघालं. ते सायलेन्सरभोवतीची गरम हवा (धूर नव्हे) कार्ब्युरेटरकडे वळवतं. बसवल्यापासून जनरेटर एकदाही बंद पडलेला नाही.

त्याआधी तिथल्याच एकाने सल्ला दिला होता, ‘घरच्या गॅरेजात चालवा, शटर अर्धं उघडं ठेवा.’ याचा राग सगळ्यात जास्त. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि उघड्या शटरने तो पुरेसा बाहेर जात नाही. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला, आणि घरात या वायूसाठीचा बॅटरीवरचा अलार्म. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं. बर्फ पडत असेल तर वर छत हवं, पण चारही बाजू मोकळ्या. घरच्या सॉकेटमध्ये जनरेटरची वायर कधीही खुपसू नका, वीज उलटी बाहेरच्या तारांत जाऊन लाइनवर काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

हो, ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी, नळीही बघत जा. तिच्यात वाफ गोठली की दाब वाढून ऑईल सीलमधून बाहेर येतं. आणि पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, पूर्ण गार झाल्यावर. बोटं कितीही गारठली असली तरी.