मदतनीस म्हणून पहिले सहा महिने

सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून दोन वर्षे त्यांचे सर्व काही मीच करत होते. त्या गेल्यानंतर हेच काम पगारावर करावे असे ठरवले, तेव्हा आपल्याला यातले बहुतेक येते अशी माझी खात्री होती. पुण्यात एका दिव्यांग बाईंची मदतनीस म्हणून मला आता सहा महिने पूर्ण झाले आहेत. या कामात येणाऱ्या अनेक जणी माझ्यासारख्याच घरच्या आजारपणातून आलेल्या असतात, आणि मला जे उशिरा कळले ते त्यांना आधी कळावे असे मनापासून वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

कागदपत्रांचा भाग फारसा अवघड नाही. मी जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांची रोजची काळजी घेणाऱ्या मदतनिसाचा, तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केला. त्यात नाडी आणि रक्तदाब पाहणे, अंथरुणावरच्या माणसाखालची चादर बदलणे, स्पंजिंग, हात धुण्याची पद्धत हे सगळे नीट शिकवले. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढला. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, म्हणून पहिला डोस कामाला लागण्याआधीच घेतला. त्रास झाला तो ब्युरोचा. ज्या ब्युरोमार्फत काम मिळाले त्यांनी माझे मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतले, दरमहा पगारातून कमिशन कापले, आणि तीन महिन्यांचा करार संपल्यावर ते प्रमाणपत्र परत मिळवण्यासाठी मला पाच वेळा खेटे घालावे लागले. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद कोणाच्याही हाती सोपवू नये, एवढे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

ज्यांच्याकडे मी काम करते त्या ताई ४४ वर्षांच्या आहेत आणि बँकेत नोकरी करतात. अकरा वर्षांपूर्वी घाटातल्या अपघातात त्यांच्या मानेतील मज्जारज्जूला सी-६ या, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या, पातळीवर इजा झाली. खांदे हलवणे, कोपर वाकवणे आणि मनगट वर उचलणे एवढे त्यांच्या ताब्यात आहे. बोटे, धड आणि पाय ताब्यात नाहीत. पहिल्याच दिवशी मी घरी फोनवर बोलताना "पेशंटकडे आहे" असे म्हणाले. फोन ठेवल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ताप आला की मी पेशंट. एरवी मला बँक गाठायची असते आणि त्यासाठी तुझे हात लागतात."

त्यांची सकाळ साडेसहाला सुरू होते आणि नऊपर्यंत क्षणाची उसंत नसते. युरोबॅग, म्हणजे कॅथेटरच्या नळीतून लघवी जिच्यात जमा होते ती पिशवी, रिकामी करून आकडा वहीत लिहायचा, मग माकडहाड, नितंबांची हाडे, घोटे आणि टाचा उजेडात पाहायच्या. कुठे लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती फिकी पडली नाही, तर तिथे जखम सुरू होत आहे असे समजायचे. ताईंना तिथल्या त्वचेवर काही जाणवत नसल्याने ही नजर माझीच असते. आंघोळीचे पाणीही मी आधी माझ्या कोपरावर घेऊन बघते, कारण पाणी जास्त गरम असेल तर त्यांना भाजेल आणि ते दोघींनाही कळणार नाही.

पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी तेल लावताना त्यांची आत वळलेली बोटे मला बघवेनात. सासूबाईंची बोटे आखडू नयेत म्हणून मी रोज ती सरळ करत असे. तसेच ताईंचे मनगट मागे दाबून मी बोटे ताणू लागले. "थांब," त्या म्हणाल्या, आणि हात टेबलावर ठेवून त्यांनी मनगट वर उचलले. तशी बोटे आपोआप मिटली, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकला, आणि त्या चिमटीत त्यांनी पेन उचलून दाखवले. मनगट खाली सोडताच बोटे उघडली आणि पेन पडले. बोटांचे स्नायू चालत नाहीत, पण त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, थोड्या आखूड राहिलेल्या असल्यामुळे मनगटाबरोबर बोटे ओढली जातात. मनगट वर असताना बोटे ताणत राहिले तर कंडरा सैल पडतात आणि पकड जाते; बोटे सरळ करायचीच असतील तर आधी मनगट खाली वाकवावे लागते. ही पकड बसायला ताईंना आठ महिने लागले होते आणि मी मायेपोटी ती मोडायला निघाले होते. त्या रात्री मला सासूबाईंची फार आठवण झाली. त्यांना बोलता येत नव्हते, पण डावा हात चालत होता. आधी चहा की आधी आंघोळ, कोणती साडी, हे त्या हाताने दाखवू शकल्या असत्या. मी कधी विचारलेच नाही.

तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. व्हीलचेअरवर बसवताना कॅथेटरची नळी मांडीखाली दबली आणि मी ती तपासली नाही. अर्ध्या तासाने ताईंचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला, डोके ठणकू लागले. एरवी ९५ च्या आसपास असणारा त्यांचा वरचा रक्तदाब १६० वर गेला होता. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांचे मूत्राशय तुंबले किंवा अंगाला खाली कुठे काही टोचत राहिले, की रक्तदाब असा एकदम चढतो आणि जिवावरही बेतू शकते. हे अभ्यासक्रमात शिकवले नव्हते. मी त्यांना आडवे करायला धावले. "आडवं नको. ताठ बसव, पट्टे सैल कर, नळी बघ," एवढेच त्या बोलल्या. नळी सुटताच पिशवी भरू लागली आणि दहा मिनिटांत दाब उतरला. आता त्यांना बसवल्यावर मी नळीवरून वरपासून पिशवीपर्यंत बोटे फिरवते आणि मगच पुढच्या कामाला लागते.

ब्युरोचा करार संपल्यावर आम्ही थेट लेखी करार केला: दिवसाचे दहा तास, आठवड्याची एक सुट्टी, दरमहा २०,००० रुपये. हे पैसे ताईंच्या पगारातून जातात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. ताईंच्या खात्यात मात्र तो आजवर जमा झालेला नाही. ज्यांना नोकरी नाही त्यांनी मदतनीस कशी ठेवायची, हा प्रश्न मला रोज सतावतो.

पुढच्या महिन्यापासून रविवारी एक नवी मुलगी येणार आहे. त्याआधी दोन शनिवार ती माझ्याबरोबर राहून काम पाहील, आणि त्या दोन दिवसांचेही पैसे तिला मिळतील, असे तिच्या करारात लिहून घेतले आहे.