‘खंय बरयलां तें दाखय’: इंग्रजीच्या तासाला वाचायला शिकताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी झाल्यावर मी पाचवीला इंग्रजी माध्यमात गेले. गोव्यातील खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ मुलांचा हाच रस्ता असतो. दहावीपर्यंत इंग्रजीच्या धड्यांची उत्तरे आम्ही वहीतून पाठ करत होतो आणि गुणही बरे पडत होते. अकरावीला कला शाखा घेऊन डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात दाखल झाल्यावर मात्र हा मार्ग खुंटला, कारण तिथल्या टीचरनी कधी न पाहिलेले उतारे आणि वर्गात न शिकवलेल्या कविता देऊन सराव घ्यायला सुरुवात केली. पाठ करण्याजोगे काही हाती उरलेच नाही.

उतारा समजला नाही की आम्ही सगळा दोष कठीण शब्दांवर ढकलत असू. प्रत्यक्षात आम्हाला शब्दांपेक्षा वाक्यांची बांधणीच जास्त अडवत होती. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून वाक्याच्या टोकापर्यंत थांबण्याची आपल्या कानाला सवय असते. इंग्रजीत क्रियापद बहुधा कर्त्याच्या पाठोपाठ येऊन जाते आणि मागून उपवाक्यांची रांग लागते. क्वचित कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमधच दोन ओळींचे उपवाक्य ठाण मांडून बसते. टीचर आम्हाला पेन्सिलीने कर्ता आणि मुख्य क्रियापद अधोरेखित करायला लावत, ‘हू’ किंवा ‘विच’ने सुरू होणारा भाग कंसात टाकायला सांगत आणि उरलेले वाक्य आधी वाचून घेत. त्यानंतर प्रत्येक ‘इट’ आणि ‘धिस’ कोणाकडे बोट दाखवतो, तिथे बाण काढायचा. ‘हाउएवर’ आणि ‘ऑल्दो’ यांना गोल करायचा, कारण दुसऱ्यांची मते मांडून झाल्यावर लेखकाचे स्वतःचे म्हणणे अनेकदा अशाच जागी सुरू होते. काही आठवड्यांत माझी उताऱ्यांची पाने इतकी बरबटलेली दिसू लागली की, आईला वाटले मी चित्रकलेचा विषय घेतला आहे.

खरी परीक्षा म्हादई नदीवरच्या उताऱ्याने पाहिली. टीचरनी तो मुद्दाम निवडला होता, कारण वर्गात सत्तरीची मुले बरीच होती आणि म्हादईचे पाणी कर्नाटकात वळवण्याचा कळसा-भांडुऱ्याचा वाद, 2018 मधला जलविवाद लवादाचा निवाडा, हे सगळे आमच्या घरी जेवताना बोलले जाणारे विषय होते. ‘नदी आटणार असे लेखकाचे म्हणणे आहे काय?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळ्या वर्गाने ‘होय’ असे उत्तर दिले, आणि तेही तावातावाने. उताऱ्यात मात्र पाणी वळवले गेल्यास उन्हाळ्यातला प्रवाह घटू शकतो, एवढेच सशर्त विधान होते. टीचर एरवी इंग्रजीतूनच बोलत, पण त्या दिवशी त्यांनी कोकणीत विचारले, “खंय बरयलां तें दाखय.” म्हणजे, कुठे लिहिले आहे ते दाखव. कोणालाही ओळ दाखवता आली नाही. अपरिचित विषयावरचा उतारा माणूस निमूटपणे वाचतो. ओळखीचा विषय आला की उताऱ्याला बोलूच देत नाही, हे मला तेव्हा दिसले. त्यानंतर प्रत्येक उत्तरासमोर समासात ओळीचा क्रमांक लिहिण्याचा नियम वर्गात लागू झाला. थेट सांगितलेल्या गोष्टीला एक क्रमांक पुरत असे, पण अनुमानाला बहुधा दोन ओळी एकत्र आणाव्या लागत, आणि त्या दोन ओळींमधून निष्कर्ष कसा निघतो ते एका वाक्यात लिहावे लागे.

कवितेकडे वळल्यावर दुसरी सवय आड आली. मराठीच्या पेपरात रसग्रहण लिहिताना ‘कवीने अत्यंत समर्पक शब्दांत’ अशी सुरुवात केली की अर्धे काम झाले, असा आमचा समज होता. यात रसग्रहणाचा काही दोष नाही, तो आमच्या मार्गदर्शिकांचा आहे. खरे तर गावच्या देवळात कीर्तनकार पूर्वरंगात एकच अभंग घेऊन एकेक चरण उलगडतात, हाच शब्द का आणि याच जागी का, असे श्रोत्यांना विचारत पुढे सरकतात. तशा निरूपणात आणि टीचरना हव्या असलेल्या विश्लेषणात मला तरी फारसे अंतर वाटले नाही.

आम्ही सर्वांत जास्त वेळ इंग्रज कवी शेलीच्या ‘ओझिमँडियास’ या कवितेवर घालवला. ती 1818 मध्ये प्रसिद्ध झालेली 14 ओळींची सुनीत रचना आहे आणि तिच्या नावातला राजा म्हणजे इजिप्तचा दुसरा रामसेस. सत्ता नश्वर असते, हा आशय पहिल्याच वाचनात सर्वांना कळला, आणि बहुतेकांच्या वह्या तिथेच मिटल्या. टीचरनी मग साधा प्रश्न विचारला की या कवितेत बोलते कोण? मोजून पाहिले तेव्हा गंमत लक्षात आली. कवितेतला ‘मी’ जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला एक प्रवासी भेटतो आणि प्रवासीच पुतळ्याचे तुटके पाय आणि वाळूत अर्धा गाडला गेलेला चेहरा वर्णन करतो. चेहऱ्यावरची तुच्छता आपल्याला कळते ती शिल्पकाराने ती ओळखून दगडात उतरवली म्हणून. राजाच्या वाट्याला स्वतःच्या तोंडचे जेमतेम दोनच चरण येतात, तेही चौथऱ्यावर कोरलेले. म्हणजे जगाला धाक घालू पाहणारा हा सम्राट आपल्यापर्यंत तीन परक्या माणसांच्या हातून पोचतो. बढाईचे ते दोन चरण संपताक्षणी पुढचे वाक्य सांगते की बाजूला काहीही शिल्लक नाही. कवी स्वतः हसत नाही, टीका करत नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवून बाजूला होतो. उपरोध कसा घडवला जातो, हे मला त्या एका जागेवरून समजले, आणि त्यासाठी ‘समर्पक’ हे विशेषण एकदाही वापरावे लागले नाही.

एका वर्गमित्राला ही कविता वाचून जुन्या गोव्यातला संत ऑगस्टीनचा मनोरा आठवला. त्या चर्चचे छत 1842 मध्ये कोसळले, 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, आणि उरलेला भाग आजही उभा आहे. टीचरनी ती आठवण नाकारली नाही. साम्य ठीक आहे, पण फरक काय, एवढेच त्यांनी विचारले. त्यावर झालेली चर्चा मला अख्ख्या वर्षातली सर्वोत्तम वाटते. त्या मनोऱ्याकडे पाहून खिन्न वाटते, पण उपरोध जाणवत नाही, कारण तो उभा राहून स्वतःची बढाई सांगत नसतो. कवितेतून चौथऱ्यावरचा मजकूर काढून टाकला तर तिथेही वाळवंटातला एक पडका पुतळा तेवढा उरेल.

बारावीपर्यंत उतारे माझ्या हाताखाली आले आणि कवितेच्या उत्तरात आधी मुद्दा, मग अवतरणचिन्हांत दोन-तीन शब्दांचा पुरावा, मग त्याचा परिणाम, अशी मांडणीही अंगवळणी पडली. अवतरण जितके आखूड, तितके त्यावर लिहिणे भाग पडते. अख्खे कडवे उतरवणारी मुले बहुधा त्याबद्दल काहीच म्हणत नाहीत. छंदाचे मात्र अजून जमलेले नाही. लघु-गुरू मोजून भुजंगप्रयात ओळखायला शिकलेल्या कानाला इंग्रजीतला आघात लवकर सापडत नाही, कारण तिथे अक्षर किती लांब यापेक्षा त्यावर जोर पडतो की नाही हे पाहावे लागते, आणि बोटांवर अक्षरे मोजून दहा भरली तरी ती ओळ पाच आघातांची आहेच असे ठरत नाही. सध्या मी कविता मोठ्याने वाचून टेबलावर ठेका धरते. जिथे ठेका आणि अर्थ यांचा मेळ बसत नाही तिथे खूण करून ठेवते आणि ती ओळ टीचरना विचारते.