वर जाताना थांबते, खाली येताना नाही

जिन्यावरच्या व्हीलचेअर लिफ्टची सर्व्हिस करतो असं सांगितलं की लोकांना वाटतं अपार्टमेंटची लिफ्ट. ती नव्हे. जिन्याच्या कडेनं रेल असतो, त्यावरनं एक प्लॅटफॉर्म तिरका वर सरकतो, व्हीलचेअरसकट माणूस त्यावर, आणि काम झालं की प्लॅटफॉर्म घडी करून भिंतीला लावून टाकायचा म्हणजे बाकीच्यांना जिना मोकळा. स्पीड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, युरोपातलं जे स्टँडर्ड आहे ईएन ८१-४०, त्यात सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या वर जायचंच नाही असं आहे, आणि बटण दाबून धरलं तरच चालते, सोडलं की जागेवर थांबते. त्यामुळं घाईतल्या माणसाला बघूनच कंटाळा येतो.

तर गेल्या वेळच्या नोव्हेंबरातली गोष्ट. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा महिना, हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका बँकेची शाखा पहिल्या मजल्यावर, जुनी बिल्डिंग, दगडी जिना, मधे एक वळण. तिथनं फोन, लिफ्ट मधेच थांबते, लगेच या. गेलो तर खालच्या पायऱ्यांवर आठ-दहा म्हातारी माणसं पासबुकं घेऊन बसलेली, कुणी पाय पसरलेले, कुणी चहा पितंय.

मॅनेजर साहेब म्हणाले, "त्या एक रिटायर्ड बाई येतात, त्यांनी नवीन बॅटरीवाली खुर्ची घेतलीय, लई जड आहे, त्यामुळंच थांबत असणार. त्यांना सांगा की साधी खुर्ची घेऊन या." मी प्लेट बघितली, कपॅसिटी २५० किलो. बॅटरीवाली खुर्ची धरा नव्वद-शंभर किलो, बाई पन्नास-पंचावन्न. हिशोब बसत नव्हता. आणि कायबी झालं की वजनावर ढकलायचं ही सगळीकडंच सवय आहे लोकांना.

मी विचारलं, थांबल्यावर खाली येते का? गेटवरचे मामा, मिलिटरीतनं रिटायर झालेले, ते म्हणाले, "येते की. वर जाताना थांबते, खाली येताना नाही." एवढ्यानं माझं अर्धं काम झालं. कारण या लिफ्टमधे दोन प्रकारच्या सेफ्टी असतात. ओव्हरस्पीड (स्पीड वाढला तर ओळखणारा), सेफ्टी गियर (रेलला धरणारा ब्रेक), फायनल लिमिट (रेलच्या टोकाचा शेवटचा स्विच) यातल्या कशाचा स्विच उघडला तर लिफ्ट कुठंच जात नाही, वर पण नाही आणि खाली पण नाही. पण अडथळा ओळखणारे जे सेन्सर असतात ते दिशेचे असतात. वरच्या बाजूला काही टेकलं तर वर जाणं बंद, मागं खाली येऊ देते म्हणजे अडकलेला माणूस सुटावा. खाली टेकलं तर उलटं. म्हणजे वरच्या बाजूची फळी, ज्यावरनं खुर्ची चढते-उतरते आणि चालताना जी उभी राहते, तिकडं कुठंतरी गडबड.

पण मी सर्व्हिसला गेलो की तक्रारीचा भाग सोडून आधी बाकीच्या सेफ्टी बघतो, त्याला कुणी काही म्हणो. जिना मोकळा करायला सांगितला, लोक कुरकुरत उठले. रिकामं खोकं मधल्या पायरीवर ठेवलं आणि प्लॅटफॉर्म वरनं खाली सोडला. प्लॅटफॉर्मच्या पोटाला एक पत्रा असतो, स्प्रिंगवर, त्याला जरा जरी काही टेकलं तरी स्विच उघडतो आणि लिफ्ट थांबते. थांबायला पाहिजे. नाही थांबली. खोकं चेपत चेपत गेलं, मी बटण सोडलं तेव्हा ते चपटं झालेलं. मागं एक आजोबा उभे होते ते नुसतं "आयला" एवढंच म्हणाले. दोन मिनिटांपूर्वी त्याच पायऱ्यांवर त्यांचे पाय होते.

कव्हर काढलं. खालच्या पत्र्याच्या स्विचला लाल वायरचा जंपर मारलेला, म्हणजे स्विचला वगळून वायर थेट जोडलेली, वर काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली. म्हणजे स्विच आहे, पत्रा आहे, दिसायला सगळं आहे, आणि कंट्रोलरला कायम वाटतंय की खाली सगळं मोकळं आहे. हे कुणाचं काम ते बँकेत कुणालाच माहीत नव्हतं, "मधे एक वायरमन आला होता" एवढंच. नंतर मामांनी हळूच सांगितलं. दिवाळीआधी कलरकाम चाललेलं, तेव्हा एक लोखंडी कपाट या लिफ्टवरनं खाली आणत होते, जिन्यात कलरवाल्यांची घोडी होती, प्लॅटफॉर्म तिच्यावर टेकला आणि लिफ्ट थांबली, जशी थांबायला पाहिजे तशी. मग चार जणांनी प्लॅटफॉर्मला हिसके देऊन घोडी ओढून काढली. पत्रा वाकला तो तिथं. वाकलेला पत्रा स्विचला कायम दाबून राहिला, लिफ्ट खाली येईना, आणि कुणीतरी येऊन वायर टाकून "दुरुस्त" करून गेला.

मी साहेबांना म्हटलं, बंद करायला लागंल. ते म्हणाले, आजच्या दिवस चालवा हो, बाहेर गर्दी बघा, उद्या करू बंद. वर ऐकवलं की ही लिफ्ट कायद्यासाठी बसवलीय, अपंग लोक महिन्याला दोन-तीनच येतात. आता अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे हे खरं, त्यात जुन्या सार्वजनिक इमारतींना सुद्धा अशी सोय करायला पाच वर्षांची मुदत दिलेली, पण कायद्यात नुसती बसवा असं नाही ना. मी वाद घातला नाही. मेन स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात आणि दुरुस्ती चालू आहे अशी पाटी टांगली. या एका गोष्टीवर आपण ऐकत नाही.

नेमकं तेव्हाच त्या बाई आल्या. शाळेत शिक्षिका होत्या, आवाजावरनंच कळतं. बंद म्हटल्यावर चार पोरं पुढं झाली, "बाई, उचलून नेतो की वर." बाई म्हणाल्या, "मी काय पोतं आहे काय? खाली ठेवा हात." मग एक क्लार्क मुलगी मोबाईल घेऊन खाली आली, पार्किंगमधेच चेहरा स्कॅन करून दाखला झाला, पाच मिनिटं सुद्धा लागली नाहीत. साहेब खूश, मला म्हणाले बघा, लिफ्टची गरजच नाही. बाईंनी ऐकलं. "माझं लॉकर पण खाली आणून देणार काय तुम्ही?"

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वळणावर गचका बसतो ना, तेव्हा खुर्चीची पाय ठेवायची फळी त्या उभ्या फळीला लागते. मी यांना सांगितलं होतं, पण यांचं आपलं वजन, वजन." तुम्ही पुन्हा येऊ शकाल काय विचारलं तर म्हणाल्या, "उद्या अकराला येते, तू हजर राहा म्हणजे झालं."

पत्रा काढून उद्यमनगरात नेला. तिथला फॅब्रिकेशनवाला ओळखीचा, त्यानं सरळ करून दिला, बिजागरीची पिन वाकलेली ती पण नवीन टर्न करून दिली. स्विच मात्र कंपनीचाच घातला, माझ्याकडं स्पेअर होता. इथं बाजारात मिळणारा साधा लिमिट स्विच बसतो तसा, पण कॉन्टॅक्ट चिकटला तरी जबरदस्तीनं उघडला पाहिजे अशा प्रकारचाच लागतो, साधा घातला तर जंपरचा भाऊच. संध्याकाळी खोकं ठेवून परत घेतलं, टेकल्या टेकल्या थांबली. हाताच्या चाकानं फिरवून पण बघितली, बॅटऱ्या बघितल्या, रॅकचे, म्हणजे रेलवरच्या दातेरी पट्टीचे, दात ब्रशनं साफ केले. (दातांवरनं आठवलं, एका मंगल कार्यालयातल्या लिफ्टच्या रॅकमधे ग्रीस आणि अक्षता यांचा असा काही लगदा झालेला की पिनियन, म्हणजे त्या दातांवर फिरणारं चाक, दर दातावर उड्या मारत होतं. तिथं आता लग्नसराई संपली की जायचं ठरलेलंच आहे.)

दुसऱ्या दिवशी आधी वजनं ठेवून वर नेली, थांबली नाही. बँकेच्या साध्या खुर्चीत आमच्या हेल्परला बसवून नेलं, थांबली नाही. मग बाई त्यांच्या खुर्चीत. वळणाला आल्या, रेलच्या जोडावर बारीक धक्का बसला, खुर्ची टायरवर जराशी पुढं डुलली आणि लिफ्ट थांबली. बाईंनी बोटानं दाखवलं फक्त. पायाची फळी आणि लिफ्टची उभी फळी यात बोटभर सुद्धा जागा नव्हती. हा प्लॅटफॉर्म लांबीला आखूड, आणि बाईंची बॅटरीवाली खुर्ची पायांसकट त्याला पुरून उरणारी. सेन्सर चुकत नव्हता, त्याला खरंच काहीतरी लागत होतं.

प्लॅटफॉर्म बदलणं बँकेच्या हातात, मी रिपोर्टमधे लिहिलं, त्याचं पुढं काय झालं ते विचारू नका. जोडावरचा धक्का जेवढा घालवता आला तेवढा घालवला. मग बाईंना विचारून त्यांच्या खुर्चीच्या पायाच्या दांड्या आत फिरवून बघितल्या, त्यांना अँगल बदलायची सोय होतीच, ॲलन कीनं दोन बोल्ट सैल केले की काम. गुडघा दुखतोय का विचारलं, म्हणाल्या उलट बरं वाटतंय, दुकानदारानं ही सोय आहे हे सांगितलंच नव्हतं. मग परत चढवल्या. वळण गेलं, वर पोचल्या, लॉकरकडं गेल्या त्या तासभर आल्या नाहीत.

"सामान नेऊ नये" असा मोठा स्टिकर प्लॅटफॉर्मवर लावून मी निघालो. पुढच्या सर्व्हिसला गेलो तर त्याच स्टिकरवर वीस लिटरचे पाण्याचे तीन जार उभे होते आणि मामा शांतपणे बटण दाबून धरून बसलेले. मला बघून म्हणाले, "वजनात बसतंय न्हवं?"