काटा गेला, पट्टी आली

डिजिटल रेडिओ (युरोपात चालतो तो ‘डॅब’ प्रकारचा) लावायला काही करावं लागत नाही, असं म्हणतात. ऑटो स्कॅन दाबा, तो आपला आपण स्टेशनं शोधतो. शोधतो खरा, पण अंमळ आळशी आहे. सिग्नल जरा अशक्त दिसला की पुढे सरकतो आणि ते स्टेशन यादीत येतच नाही. मग मेनूच्या तळाशी दडवलेलं ‘मॅन्युअल ट्यून’ शोधावं लागतं.

तिथे स्टेशनांची नावं नसतात. ५ए पासून १३एफ पर्यंत नुसते चॅनेल, म्हणजे साधारण १७४ ते २४० मेगाहर्ट्झ. एका चॅनेलला जेमतेम दीड मेगाहर्ट्झ जागा आणि तेवढ्यात दहा-बारा स्टेशनं दाटीवाटीने बसलेली. आलं तर सगळं बिऱ्हाड येतं, नाहीतर कुणीच नाही.

चॅनेल निवडला की पडद्यावर एक पट्टी वरखाली होऊ लागते. तिच्यावर एक बारीक खूण असते. पट्टी खुणेपुढे गेली की आवाज येतो. आता खरं काम एरियलचं. हे प्रक्षेपण बहुधा उभ्या लहरींचं असतं, म्हणून एरियलही उभी हवी आणि पूर्ण उघडलेली. कधीकधी खिडकीपासून उलट भिंतीकडे सरकवली तरी पट्टी वाढते, कारण भिंतीवर आदळून जरा उशिरा आलेली लहरही हा रेडिओ कामाला लावतो. जुन्या टीव्हीवर तिचंच भूत, म्हणजे चित्राशेजारी दुसरं पुसट चित्र, दिसायचं!

या सगळ्यात कानाला काही कामच नाही, हे मला खटकतं. एफएमवर खरखर वाढत जायची, तरी खरखरीतून निम्मं गाणं ऐकू यायचं. इथे पुसट झालेली माहिती रेडिओ आतल्या आत दुरुस्त करत राहतो, त्यामुळे काठावरचा सिग्नल आणि भरभक्कम सिग्नल ऐकायला अगदी सारखेच. दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली की रटरट उकळल्यासारखे बुडबुडे, आणि लगेच शांतता. आवाज स्वच्छ आला म्हणून तिथेच थांबू नये ते यासाठी. पट्टी खुणेच्या बरीच पुढे जाईपर्यंत एरियल हलवत राहावं.

आणि मग हात काढून दोन पावलं मागे जाऊन पाहावं. पट्टी बऱ्याचदा घसरते, कारण इतका वेळ आपणच अर्धी एरियल झालेलो असतो. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एकदाचं जमलं की त्या चॅनेलवरची सगळी स्टेशनं यादीत चढतात. आपल्याला हवं असतं त्यातलं एकच.